दोन खोल्यांचा दसरा

पितरपाटा, म्हणजे पितृपंधरवडा, लागला की सोनपेठच्या बाजूच्या गंगेकाठच्या गावांत बायांना दुसरं काही सुचत नाही. गोदावरीला इकडं गंगाच म्हणतात. घटस्थापनेच्या आत दसरा काढून झाला पाहिजे. दसरा काढायचा म्हणजे घरातला एकूण एक डबा, भांडं, वाकळ, गोणपाट अंगणात आणायचं, घासायचं, धुवायचं, उन्हात घालायचं, भिंतींना रंगाचा हात द्यायचा आणि मग देव घटी बसवायचे. चार दिवस गंगेच्या काठावर वाकळा आपटल्याचे आवाज येत राहतात. बाया थकतात, पोरांवर कावतात, आणि पाचव्या दिवशी लख्ख झालेल्या घरात पाय पसरून बसतात.

दैवशालाला मात्र आठ दिवस लागायचे. तिच्या घरात एक अख्खा लग्नमंडप राहत होता.

घर म्हणजे पुढं ओसरी, मग स्वयंपाकाची खोली आणि आत दोन मोठ्या खोल्या, सगळ्यांवर पत्रे. आतल्या दोन्ही खोल्या सामानानं छतापर्यंत भरलेल्या. कनाती, ताडपत्र्या, लोखंडी पाइप, सॅटिनच्या झालरी, प्लास्टिकच्या फुलांच्या माळांची पोती, थप्प्या लावलेल्या खुर्च्या, नवरा-नवरीला बसायचा लाल मखमली सोफा. आणि दारापाशी फायबरचे दोन हत्ती, मंडपाच्या कमानीजवळ उभे करायचे. एकाची सोंड मोडलेली. दैवशाला आणि तिची पोरगी सृष्टी स्वयंपाकाच्या खोलीत चुलीपासून हातभर अंतरावर झोपायच्या. सासरा वैजीनाथ ओसरीवर बाजेवर.

हा सगळा पसारा दैवशालाच्या नवऱ्याचा, रविकांतचा. सृष्टी तीन वर्षांची असताना त्यानं तिच्याच नावानं मंडप डेकोरेशन काढलं होतं. पाच-सहा लग्नसराया धंदा बरा चालला. रविकांत कामाला वाघ होता, बोलायला गोड होता, आणि पंचक्रोशीत त्याच्याशिवाय लग्न उभं राहत नव्हतं. मग लॉकडाऊन लागलं. लग्नं वीस माणसांत घरातच उरकायला लागली आणि हत्ती जे आत आले ते आतच राहिले. पुढच्या हिवाळ्यात रविकांत पुण्याला एका मोठ्या डेकोरेटरकडं गेला. दोन महिन्यांसाठी म्हणून गेला होता. त्याला पाच वर्षं होत आली होती.

पहिल्या दिवाळीला तो आला. दुसऱ्या दिवाळीला त्याचा फोन आला. त्यानंतर दैवशालानंच लावला तर लागायचा, तोही कधीमधी. प्रत्येक वेळी एक वाक्य ठरलेलं असायचं, "सामानाला कुणी हात लावू नका. पुढच्या सराईला येतोच." गावात कुजबुज होती. शेजारची सुलाबाई एकदा म्हणाली होती, "पुण्यात त्याचं बिऱ्हाड हाय म्हणत्यात, दैवशाला. म्या काय डोळ्यानं न्हाई बघितलं." दैवशालानं ते ऐकलं आणि डाळ निवडत राहिली. विचारायचं कुणाला, आणि खरं निघालं तर जायचं कुठं?

तिचं माहेर येलदरीचं. बाप धरणात मासे धरायचा. आई-बाप दोन्ही गेले, आणि भावाच्या दोन खोल्यांत त्याचीच चार लेकरं दाटीनं झोपायची. इथं ती सकाळी शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची आणि दुपारी सासऱ्याच्या नावावरच्या तीन एकरांत राबायची. सासरा वाईट असता तर गोष्ट सोपी होती. वैजीनाथ चांगला माणूस होता. तिला टायफॉइड झाला तेव्हा त्यानं पंधरा दिवस भाकऱ्या थापल्या होत्या, गावाला हसू दिलं होतं. सृष्टीला शाळेत सोडायला रोज हात धरून जायचा. त्याची एकच गोष्ट होती. रविकांत येणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं, आणि त्या खोल्यांतली एक झालर जरी इकडची तिकडं झाली तरी तो बेचैन व्हायचा. त्यामुळं दरवर्षी दसऱ्याला दैवशाला नवऱ्याचा मंडप बाहेर काढायची, धुवायची, वाळवायची आणि होता तसा पुन्हा आत रचायची.

सृष्टी दहावीत गेली त्या वर्षी मात्र दैवशालाचा जीव त्या रचण्यावरून उडाला.

पोरगी हुशार होती. संध्याकाळी स्वयंपाकाच्या खोलीत धूर असायचा, ओसरीवर आज्याकडं येणारी-जाणारी माणसं असायची, म्हणून ती पुस्तकं घेऊन दोन हत्तींच्या मधल्या फटीत जाऊन बसायची. एका संध्याकाळी दैवशाला तिला जेवायला हाक मारायला गेली. सृष्टी गुडघे छातीशी घेऊन बसली होती आणि तिच्या खांद्यामागच्या पोत्यातून उंदीर आत-बाहेर करत होते. पोरीनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. तिला त्याची सवय झाली होती. दैवशालाला उंदरांचं काही वाटलं नाही. पोरीला सवय झालेली तिला बघवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं सोनपेठच्या बाजारात बालाजी मंडपवाल्याला गाठलं आणि विचारलं, सगळं सामान विकत घेऊन उचलून नेता का. तो म्हणाला, शनिवारी टेम्पो घेऊन येतो. घरी येऊन तिनं सासऱ्याला एवढंच सांगितलं, "मामा, ह्या वर्षी दोन्ही खोल्या पार रिकाम्या करून दसरा काढते."

"काढ की. धुऊन पुसून ठेव. रव्या येईल तवा त्याला बी बरं वाटंल," वैजीनाथ म्हणाला.

बालाजीचं तिनं सांगितलं नाही.

मंगळवारी दोघी मायलेकींनी सुरुवात केली. आधी खुर्च्या, मग पाइप, मग पोती. सोफा ओढायला सुलाबाईला बोलवावं लागलं. त्याच्या गादीत उंदरांनी घर केलं होतं, आतला कापूस, फुलांच्या पाकळ्या आणि लग्नपत्रिकांचे तुकडे असा गोळा निघाला. पडदे गंगेवर नेले. पाण्यात टाकले की वर्षभराची धूळ लाल गढूळ होऊन वाहून जायची आणि खालून गुलाबी रंग वर यायचा. काठावरच्या बाया थट्टा करायच्या, "काय ग दैवशाला, कोणाचं लगीन काढलं?" ती हसायची आणि पीळ घालून पडदा पिळायची. हातांची सालं निघाली. बुधवारी संध्याकाळी हत्ती बाहेर आले आणि अंगणात कडुलिंबाखाली उभे राहिले.

मधल्या खोलीचा शेवटचा पाइप उचलला तेव्हा बाजूच्या भिंतीला खिडकी दिसली. जड पाइप दरवर्षी जागच्या जागीच पुसले जायचे, त्यामुळं दैवशाला तिला विसरूनच गेली होती. कडी गंजून बसली होती. सृष्टीनं दगडानं ठोकून ती उघडली, तर समोर शेजारच्या गड्याचं कापूस लावलेलं रान आणि त्याच्यापलीकडं गंगेकाठच्या बाभळींची रांग. खोलीत वारं आलं. सृष्टी काहीतरी बोलली आणि तिचाच आवाज भिंतींवरून परत आला, तशी ती दचकून हसली.

गुरुवारी त्यांनी रंग दिला. रंग सृष्टीनं निवडला, आभाळी. शुक्रवारी दुपारी रंग सुकल्यावर दैवशाला त्या मोकळ्या फरशीवर आडवी झाली. हात दोन्हीकडं ताणले, पाय ताणले, कुठंच काही लागलं नाही. सोळा वर्षं ह्या घरात होती, अशी कधी निजली नव्हती. सृष्टीनं खिडकीखाली चटई टाकली, पुस्तकं ओळीनं मांडली आणि वेळापत्रक भिंतीला चिकटवलं. "आई, इथं माझ्या मैत्रिणींना बोलवू का ग?" तिनं विचारलं. ह्या पोरीनं आजवर एकदाही कुणाला घरी आणलं नव्हतं.

शनिवारी बालाजी आला. टेम्पो अंगणाबाहेर लावून त्यानं हत्तींवर थापटलं, पाइप मोजले, पडदे चाचपले. वैजीनाथ ओसरीवरून उठून आला.

"हे कोण? काय करायलेत हे?"

"मामा, सामान द्यायचंय," दैवशाला म्हणाली. "पोरीला बसायला जागा न्हाई. पाच वर्षं झाली."

म्हातारा ओरडला नाही. मखमली सोफा अंगणात वाळत होता, त्याच्यावर जाऊन बसला आणि खाली बघत म्हणाला, "हे गेलं म्हणजे त्याला यायला कारनच उरलं न्हाई, पोरी."

बालाजी अवघडला. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "वैनी, तुमच्या घरातलं तुमी बघा. पर मालकाचा एक शब्द पाहिजे. उद्या ते आले अन् मला म्हणले, माझं सामान कामून उचललं, तर मी काय सांगू? एक फोन लावा."

पाच वर्षं जे सामान तिनं धुतलं, उंदरांपासून राखलं, त्याच्याबद्दल परक्या माणसालाही तिचा शब्द पुरत नव्हता. तिनं आवाज मोठा करून फोन लावला. तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा उचलला.

"खोल्या रिकाम्या केल्यात," ती म्हणाली. "सामान देऊन टाकायलाव. बालाजीभाऊ आलेत."

पलीकडून तोच जुना गोड आवाज. "रिकाम्या केल्यास? बरं झालं बघ. मीच फोन करनार होतो. इथली खोली सोडायलोय मी. सामान गावाकडं पाठवतो, परवा टेम्पो येतो. मंडपाचं कायबी देऊ नको. एका खोलीत रचून घे, एक मोकळी ठेव."

"तुमी यायलात?"

"येतो ना. आधी सामान येऊ दे."

फोन सगळ्यांनी ऐकला होता. बालाजी नमस्कार करून रिकामा टेम्पो घेऊन निघून गेला. वैजीनाथ सोफ्यावरून उठला तो वेगळाच माणूस होऊन. त्याच दुपारी त्यानं दाढी करून घेतली आणि गावभर सांगून आला, रव्या यायलाय. सुलाबाईनं दैवशालाला विचारलं, "खुश हायेस का ग?" रागाशिवाय दुसरं काही आपल्यात शिल्लक आहे असं दैवशालाला वाटलं नव्हतं, आणि तरी रविवारी तिनं न्हाणीतला आरसा पुसून घेतला, पेटीतलं जांभळं लुगडं काढून बघितलं आणि परत घडी घालून ठेवलं. मंडप मागच्या खोलीत रचायला दोघींना संध्याकाळपर्यंत वेळ लागला. दोन खोल्यांचं सामान एकीत मावत नव्हतं. हत्ती ओसरीवर आले आणि म्हाताऱ्याची बाज भिंतीला सरकली. सृष्टीनं न सांगता आभाळी खोलीतली चटई उचलली आणि वेळापत्रक हळूच सोडवून घेतलं. भिंतीचा ताजा रंग कागदाबरोबर थोडा निघाला.

सोमवारी अकरा वाजता टेम्पो आला. पुढच्या सीटवरून एकटा ड्रायव्हर उतरला. सिद्धोधन त्याचं नाव, जिंतूरकडचा, रविकांतच्या हाताखाली काम करणारा. वैजीनाथनं गाडीच्या आत वाकून बघितलं.

"रव्या?"

"दादा न्हाई आले, बाबा. ते नाशिकला गेले कालच. तिथं नवीन काम लागलंय, पर जागा लय लहान हाय. म्हणून म्हणले, सामान काही दिवस घरी ठेव." मग तो दैवशालाकडं वळला. "तुमी दादाच्या मोठ्या भावाच्या मंडळी ना? दादा म्हणले, घरी वडील अन् वैनी हायत, त्या जागा दाखवतील."

रविकांतला भाऊ नव्हता. एकुलता एक होता.

दैवशालानं टेम्पोच्या मागं जाऊन बघितलं. फ्रिज, कपड्याचं मशीन, आरसा लावलेलं कपाट, दिवाण. कपाटाच्या दाराला टिकल्या चिकटवलेल्या, लाल, हिरव्या, एका ओळीत. सगळ्यात वर दोरीनं बांधलेली लहान निळी सायकल, मागं दोन बारकी चाकं असलेली, आणि तिच्या दांडीला अडकवलेलं दप्तर.

बाप येणार म्हणून सृष्टी त्या दिवशी शाळेत गेली नव्हती. तिनं हात वर करून दप्तर घेतलं. त्याच्यावर नाव होतं. तिनं ते मोठ्यानं वाचलं, जसं वर्गात वाचतात तसं. "आदिनाथ रविकांत. नर्सरी."

आदिनाथ हे वैजीनाथच्या बापाचं नाव. म्हातारा तिथंच ओसरीच्या पायरीवर बसला. सिद्धोधनला आता काहीतरी चुकल्याचं कळलं. त्यानं एकदा सृष्टीकडं बघितलं, एकदा दैवशालाच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडं, आणि तो गाडीच्या चाकाशी जाऊन उभा राहिला. शेजारच्या भिंतीआडून सुलाबाईचं भांडी घासणं थांबलं होतं.

शेवटी वैजीनाथ म्हणाला, "उतरव."

"मामा," दैवशाला म्हणाली.

"उतरव म्हणलं तर उतरव बाबा. माणसाचं सामान हाय, रस्त्यावर टाकावं का?" आवाज त्याचा होता, पण तो तिच्याकडं बघत नव्हता.

सिद्धोधननं फ्रिज पाठीवर घेतला आणि आत आला. दैवशाला आभाळी खोलीच्या दारात उभी राहिली. चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून.

"ह्या खोलीत न्हाई," ती म्हणाली.

"वैनी, मंग कुठं ठेवू?"

"कुठं बी ठेव. ह्या खोलीत माझी पोरगी अभ्यास करती."

फ्रिजच्या भारानं तो वाकला होता. त्यानं म्हाताऱ्याकडं बघितलं. म्हाताऱ्यानं हातानं ओसरी दाखवली. म्हणून ते सामान ओसरीवर आलं, उरलेलं अंगणात, आणि त्याच्यावर दैवशालानंच नुकत्याच धुतलेल्या ताडपत्र्या घातल्या, कारण पश्चिमेला आभाळ भरून आलं होतं आणि भिजू द्यायला तिचं मन धजलं नाही. सिद्धोधनला तिनं पाणी दिलं, चहा दिला. जाताना तो म्हणाला, "वैनी, मला खरंच म्हाईत नव्हतं." "तुझी काय चूक हाय?" ती म्हणाली.

घट बसले. नऊ दिवस घरात दिवा होता. त्या नऊ दिवसांत वैजीनाथ तिच्याशी चार शब्द बोलला असेल. राग नव्हता, लाज होती, आणि लाजेपेक्षाही आणखी काहीतरी होतं जे तिला तेव्हा ओळखता आलं नाही. दसऱ्याला सोनं द्यायला तो तिच्यासमोर आला आणि तिनं पाया पडल्यावर डोक्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला.

सृष्टी त्या खोलीत अभ्यास करत राहिली. तिच्या दोन मैत्रिणी आल्या, ओसरीवर हत्ती आणि फ्रिज यांच्या मधून अंग चोरून आत गेल्या. बापाबद्दल पोरीनं एक शब्द काढला नाही. फक्त एकदा म्हणाली, "आई, तू कामून जात न्हाईस इथून?" दैवशाला म्हणाली, "कुठं?" पोरीला आईकडं सगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात असं वाटायचं वय सरत आलं होतं. मार्चमध्ये परीक्षा झाली, जूनमध्ये निकाल लागला, आणि चांगल्या मार्कांवर तिला परभणीत अकरावीला प्रवेश आणि मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. दैवशाला एसटीनं सोडायला गेली. खोलीत चार मुली, प्रत्येकीला एक लोखंडी कॉट, एक टेबल. सृष्टीनं टेबलावर हात फिरवला. परत निघताना दैवशाला बसस्थानकावर दोन गाड्या सोडून तिसरीत चढली.

आभाळी खोली एक महिना रिकामी राहिली. दैवशाला आता तिथं झोपायला लागली होती, खिडकी उघडी ठेवून. मग आषाढात जोराचा पाऊस झाला आणि ओसरीवर पाणी आलं. वैजीनाथ म्हणाला, "तेवढा फ्रिज आत घेऊ का? खराब झाला तर तो म्हणंल..." फ्रिज आत आला. कपाटाच्या लाकडाला ओल धरली, कपाट आलं. दिवाण तर पाय फुटल्यासारखा कधी आला हे तिच्या ध्यानातही राहिलं नाही. पोळ्यापर्यंत ती पुन्हा चुलीपाशी निजत होती. रविकांतचा फोन यायचा, महिन्यातून एकदा, आता तिनं न लावता. मशीनला उंदीर तर लागले नाहीत ना, विचारायचा. ती सांगायची, न्हाई लागले. दुसरं काही ती विचारायची नाही आणि तोही सांगायचा नाही. एकदा तिनं म्हटलं होतं, "तुमी मला तुमची वैनी केलात." तो म्हणाला, "तसं न्हाई ग, समजून घे," आणि रेंज गेली.

पितरपाटा आला. ह्या खेपेला दैवशालानं एकटीनं दसरा काढला. मंडप काढला, हत्ती धुतले, मग पुण्याचं सामान काढलं. कपाटाच्या दारावरच्या टिकल्या ओल्या फडक्यानं जात नव्हत्या, नखानं एकेक खरवडाव्या लागल्या. सायकलच्या चाकांत हवा उरली नव्हती. तिनं दांडी पुसली, साखळीला तेल दिलं, आणि आपण हे कशासाठी करायलोय, असा विचार मनात आला तेव्हा तेल देऊन झालं होतं.

वैजीनाथ बाजेवर बसून ते बघत होता. ती सायकल उचलून आत न्यायला लागली तेव्हा तो म्हणाला, "दैवशाला, रागावू नको. एक मागनं हाय."

"काय, मामा?"

"त्या लेकराशी एकदा बोलायचंय. मला तो फोन लावता येत न्हाई. तू लावून देशील का?" त्याचे डोळे भरले होते. "माझ्या बापाचं नाव हाय त्याचं. मी आता किती दिवसांचा?"

ती सायकल हातात घेऊन उभी राहिली. त्याला नाही म्हणायला तिच्याकडं शब्द होते. ते पाच-सहा वर्षं साठले होते. पण समोर बसलेला माणूस तोच होता, ज्यानं पंधरा दिवस तिच्यासाठी भाकऱ्या थापल्या होत्या. तिनं सायकल खाली ठेवली, हात पदराला पुसले, फोन लावला. म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं म्हणून आवाज मोठा केला आणि फोन त्याच्यापुढं बाजेवर ठेवला.

फोन एका पोरानं उचलला. "हॅलो, कोन?"

"मी आजा बोलायलोय," वैजीनाथ म्हणाला.

"मम्मी," पोरगं पलीकडं ओरडलं, "कोनतरी आजा हाय."

एका बाईची पावलं जवळ येताना ऐकू आली. दैवशालानं बादली उचलली, हौदावर गेली आणि नळाखाली भरायला लावली. पाण्याचा आवाज मोठा होता, तरी तिला सगळं ऐकू येत होतं.